काळ्या पट्टीचे पोपडे पुन्हा पुन्हा निघतात? रंग बदलण्याआधी हे तपासा

काचेभोवतीची काळी पट्टी, दोन दारांमधला खांब, वायपरचे दांडे, छपराच्या कडेची पन्हळ. जुन्या गाडीवरचा हा रंगवलेला पत्रा एकदा पोपडे सोडायला लागला की दर पावसाळ्यानंतर तेच काम निघतं. आमच्या सोसायटीत जुन्या गाड्या हट्टाने सांभाळणारे बरेच जण आहेत आणि दिवाळी झाली की त्यांच्या पट्ट्या माझ्याकडे येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "कुठल्या कंपनीचा स्प्रे आणू?" माझ्या अनुभवात कंपनीमुळे पोपडे निघालेत असं क्वचितच होतं. पोपडा कुठल्या थरातून सुटला हे न बघता त्यावर नवा रंग मारला, म्हणून तो परत निघतो. म्हणून पुण्यात नाना पेठेत जाऊन डबा आणण्याआधी खालचं वाचा.

आधी लक्षणं

पट्टीचा मधला भाग ठणठणीत, पण रबराला लागून खालच्या कडेने नखाएवढे पोपडे उठलेत: पाणी कडेतून आत शिरतंय.

टाचणीच्या डोक्याएवढे फोड, फोडले की आत तपकिरी पूड: खाली गंज आहे आणि तो दिसतो त्याच्यापेक्षा लांब पसरलाय.

पट्टाच्या पट्टा एका ओढीत सोलून निघतो आणि खाली चकचकीत धातू: रंगाने धातूला कधी धरलंच नव्हतं.

पोपड्याखाली पांढरी पूड: धातू लोखंड नाही. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा काही प्रकार आहे.

रंग मारला त्याच दिवशी सुरकुत्या पडल्या: नव्या रंगातल्या थिनरने जुना थर उचलला.

पट्टी राखाडी पडलीय, बोट फिरवलं की काळं लागतं, पण पोपडे नाहीत: हे फक्त ऊन खाल्लेलं आहे. याला धातूपर्यंत खरवडायची गरज नाही. चारशे नंबरच्या वॉटर पेपरने घासा, पुसा, वरून रंग मारा, सुटलात. या एका लक्षणासाठी लोक उगाच सगळी पट्टी सोलून बसतात.

पहिली तपासणी: नख

गाडी साबणाने धुवून वाळवा आणि सुटलेल्या कडेखाली नख घाला. पोपडा कडक असेल, टचकन तुटत असेल, तर रंग आहे. ओढल्यावर ताणला जात असेल तर ती चिकटवलेली फिल्म आहे. दोन दारांच्या मधल्या खांबावर हे फार आढळतं. फिल्मवर रंग मारला तर फिल्म आकसते आणि रंगही घेऊन जाते. हेअर ड्रायरने गरम करून ती सावकाश ओढून काढा, उरलेला गोंद टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि खाली रंग चांगला निघाला तर तिथेच थांबा.

दुसरी: पोपडा उलटा करून बघा

यालाही पैसे लागत नाहीत आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. पट्टीच्या वरच्या भागातला एक आणि खालच्या कडेचा एक असे दोन पोपडे ब्लेडने अलगद उचला, पांढऱ्या कागदावर पालथे ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. दोन्ही पोपडे वेगळं सांगू शकतात, म्हणून दोन.

मागची बाजू नुसती काळी असेल तर प्रायमर, म्हणजे रंगाआधी धातूवर द्यायचा थर, धातूवरच राहिलाय आणि रंग त्याच्यापासून सुटलाय. म्हणजे प्रायमर घासला नव्हता, किंवा त्यावर हाताचं तेल, पॉलिश काहीतरी होतं. हे सोपं प्रकरण. प्रायमर घट्ट असेल तर तो ठेवायचा, घासायचा आणि नुसता रंग द्यायचा.

मागच्या बाजूला लाल किंवा राखाडी प्रायमर गुळगुळीत चिकटून आलाय? मग प्रायमरनेच धातू सोडलाय. वरून कितीही भारी रंग मारा, प्रायमरसकट निघणार. इथे धातूपर्यंत जावंच लागतं.

तपकिरी पूड चिकटून आली असेल तर गंज. पण गंजामुळे रंग सुटला की रंग सुटल्यामुळे गंज चढला, हे ओळखायला वरच्या भागातला पोपडा बघा. तिथे पूड नसेल आणि प्रायमर गुळगुळीत निघाला असेल, तर मूळ दोष पकडीचा. गंज नंतर आला.

आता तोच पोपडा उभा धरून त्याची कड बघा. काळा, राखाडी, परत काळा, मध्ये कुठे तरी पांढऱ्या लांबीची (खड्डे भरायच्या पुट्टीची) रेघ, असे थरांवर थर दिसले तर आधीच्या मालकांनी प्रत्येक वेळी वरूनच मारलंय. अरुंद पट्टीवर एवढा जाड रंग वळणावर तडकतोच. सगळं उतरवा.

तिसरी: चुंबक

जुन्या स्पीकरमधला चुंबक चालतो. चिकटला तर बहुतेक लोखंडी पत्रा. बहुतेक म्हणायचं कारण, गाड्यांच्या पट्ट्यांसाठी ४३० जातीचं स्टेनलेस खूप वापरतात आणि त्यालाही चुंबक चिकटतो. शंका असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, पॉलिश पेपर घासा आणि पाण्याचा थेंब ठेवून रात्रभर सोडा. साध्या लोखंडावर सकाळी तांबूस डाग असतो. चुंबक चिकटत नसेल आणि ब्लेडने सहज ओरखडा जात असेल तर ॲल्युमिनियम. ओतीव, वजनदार नग, म्हणजे जुनी हँडलं, नावाची अक्षरं, ती बऱ्याचदा मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची असतात. आणि ठोकल्यावर टकटक आवाज आला तर प्लास्टिक. त्याचा प्रायमर वेगळा मिळतो.

हे कळणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की गॅरेजमध्ये सर्रास सगळ्याला रेड ऑक्साइड प्रायमर मारतात. लोखंडावर ठीक. जस्तावर किंवा जस्त चढवलेल्या पत्र्यावर तेली रंगाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वरचा रंग आपोआप सुटतो. लक्षणांमधला "पट्टाच्या पट्टा सोलून निघतो" हा प्रकार बरेचदा हाच. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि जस्तावर आधी इच प्रायमरचा, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणाऱ्या प्रायमरचा, पातळ हात लागतो. डब्यावर तुमच्या धातूचं नाव आहे ना, ते दुकानातच वाचून घ्या.

चौथी: सेलोटेप

पट्टीचा जो भाग चांगला दिसतोय तिथे नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धातूपर्यंत मारा. सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. रंगाच्या कारखान्यात हीच क्रॉस-कट चाचणी करतात, आयएसओ २४०९ या मानकात ती आहे. चौकोन जागेवर राहिले तर तेवढा भाग वाचला, कडा उतरत्या घासून तिथे नवा रंग जोडता येईल. चौकोनच्या चौकोन टेपला लागून आले तर तो भाग आज चांगला दिसतोय इतकंच. पुढच्या दिवाळीला तोही तुमच्याकडे येणार.

पाचवी: पाणी टिकतं का

डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते उडून पट्टीवर बसतं आणि नवा रंग त्यावर गोल गोल फाकतो, "डोळे पडतात". पट्टी धुवून त्यावर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा थोडा वेळ टिकला तर पृष्ठभाग साफ. लगेच मणी झाले तर तेलकटपणा शिल्लक आहे.

यात क्रम महत्त्वाचा. तेल आधी काढायचं, घासायचं नंतर. उलट केलं तर पेपरच्या ओरखड्यांत सिलिकॉन भरलं जातं आणि मग काही केल्या निघत नाही. दोन फडकी घ्या: एक थिनरने ओलं, दुसरं कोरडं, आणि पहिलं वाळायच्या आत दुसऱ्याने पुसा. थिनर जागेवर उडून गेला की तेल परत तिथेच बसतं. पुसायला जुना बनियन उत्तम. रंगीत फडकं नको, थिनरमध्ये रंग सोडतं.

सहावी: थिनरचा बोळा

जुना रंग ठेवायचा असेल तरच हे करा. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा-एक मिनिट रंगावर दाबून धरा. रंग मऊ पडून कापसाला लागला तर तो साधा स्प्रे किंवा एन.सी. रंग आहे, त्याच्यावर तेज थिनरचा रंग मारला की सुरकुत्या पडणार. काहीच झालं नाही तर खाली भट्टीचा किंवा हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) रंग आहे आणि त्यावर घासून मारायला हरकत नाही.

सातवी: पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं

पुण्याची हवा मुंबईसारखी खारी नाही. इथे पट्टी गंजते ती अडकलेल्या पाण्याने. त्यात गाडी पुसणारा रोज सकाळी बादली घेऊन फिरतो, म्हणजे पावसाळा संपला तरी काचेच्या रबराखाली ओल कायमच. बोअरच्या जड पाण्याने पुसत असेल तर कडेला पांढरे ठिपकेही बसतात, त्यांना जस्ताची पूड समजू नका. ते व्हिनेगरने विरघळतात, पण नंतर पाण्याने धुवा.

काचेच्या बाहेरचं रबर, ज्याला मेकॅनिक बीडिंग म्हणतात, बोटाने उचलून बघा. कडक झालंय, आकसून कोपऱ्यात फट पडलीय, तर बाटलीने तिथे पाणी सोडा आणि दाराच्या खालच्या कडेला बघत बसा. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. वरून ओतलेलं पाणी थोड्या वेळात तिथून ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर भोकं मातीने बुजलीत. प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, तारेने नको, तारेने आतला रंग खरवडला जातो. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा. तो ओला राहिला की वायपरच्या दांड्यांची मुळं आधी सडतात.

रबर गेलं असेल तर रंगाआधी रबराची सोय. जुन्या मॉडेलचं बीडिंग मिळतंय का ते आधी विचारा, मगच जुनं काढा. पद्मिनीसारख्या गाडीचं कुठे मिळालं तर जुना नमुना हातात घेऊन जुळवल्याशिवाय घेऊ नका.

गाडी मुंबईहून घेतलेली असेल, म्हणजे एमएच ०१, ०२, ०३ असा नंबर असेल, तर गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असू शकतं. घासून झाल्यावर ती जागा साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि हेअर ड्रायरने लगेच वाळवा. मीठ खाली राहिलं तर ते रंगातून ओल ओढून घेतं आणि फोड परत येतात.

आठवी: स्क्रूड्रायव्हर

शेवटी गंजाच्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा, खुपसायचं नाही. पत्रा टणक लागला तर गंज वरवरचा आहे, घरी जमेल. टोक आत गेलं, किंवा पत्रा बिस्किटासारखा मोडला, तर रंगाचा विषय संपला. सरळ खाली "इथे थांबा" वाचा.

घरी करायचं तर

दिवस निवडा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्प्रेचा रंग पांढरट पडतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा काळा पत्रा इतका तापतो की रंग नीट पसरायच्या आतच वाळतो, आणि संध्याकाळी वळीव येतो तो वेगळाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण सकाळी दहा-अकराला सुरू करून दुपारी तीन-चारपर्यंत शेवटचा हात झाला पाहिजे. थंडीतलं दव ओल्या रंगावर पडलं की चमक मरते.

वायपरचे दांडे काढून रंगवा. काढण्याआधी काचेवर त्यांची जागा मास्किंग टेपने खूण करून ठेवा, नाहीतर पाती कुठेतरी भलतीकडे थांबतात. दांडा जिथे बसतो तिथल्या दात्यांवर आणि स्प्रिंगच्या सांध्यात रंग जाऊ देऊ नका.

पट्टी जागेवरच रंगवायची तर रबराचा ओठ उचलणं हे सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक लोक रबरावर टेप लावून मोकळे होतात. मग नव्या रंगाची कड नेमकी रबराच्या काठावर संपते आणि पाणी तिथूनच आत जातं, म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिला पोपडा तुम्ही स्वतः आखून ठेवता. जाडसर नायलॉनची दोरी घ्या, प्लास्टिकच्या चमच्याच्या मागच्या टोकाने ती रबराच्या ओठाखाली सारत न्या. ओठ दोन-तीन मिलिमीटर वर उचलला जातो, रंग त्याच्याखाली पोचतो, आणि नंतर दोरी ओढून काढली की ओठ रंगावर येऊन बसतो.

गंज तारेच्या ब्रशने आणि ऐंशी नंबरच्या पेपरने काढा, मग १८०, मग ३२०. जुन्या रंगाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत उतरती करा. जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं. भारतात २०१६ साली शिशाची मर्यादा आली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. म्हणून सुकं घासू नका, पाणी लावून घासा, मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा. ओला लोखंडी पत्रा अर्ध्या तासात परत तांबूस पडतो, तेव्हा लगेच वाळवा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा.

खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे त्याचा उरलेला अंश काढा. आम्ल तसंच ठेवून वर इपॉक्सी प्रायमर मारला तर तो नीट धरत नाही.

स्प्रेचा डबा आतली गोळी खडखडायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटीमीटर लांबून, पहिला हात नुसता भुरभुरता, मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन पातळ हात. दुसरा हात किती वेळात किंवा किती तासांनंतर मारायचा हे डब्यावर असतं आणि ते पाळायचंच; अर्धवट वाळलेल्या रंगावर मारलं की सुरकुत्या ठरलेल्या. रंग घ्याल तो सॅटिन किंवा मॅट काळा. चकचकीत काळ्याने वायपरचे दांडे उन्हात डोळ्यांवर येतात, आणि जुन्या गाडीवर ते ठिगळासारखं दिसतं. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरपी ओढून काढा. आणि गाडी पुसणाऱ्याला आठवडाभर सुट्टी द्या, हे सांगायचं विसरू नका. तो सवयीने पहिल्याच सकाळी फडकं फिरवतो.

इथे थांबा

स्क्रूड्रायव्हर आत गेला असेल तर घरी लांबी भरू नका. लांबीच्या मागे ओल तशीच राहते आणि वरून सगळं छान दिसत असताना आत पत्रा संपतो. विशेषतः पद्मिनी, अँबॅसिडर, ओम्नी, जिप्सी अशा पन्हळ असलेल्या गाड्यांमध्ये पन्हळीच्या सांध्यातलं सीलर तडकलं की गंज आतून बाहेर येतो. छपराचे खांब हे गाडीचा सांगाडा आहेत. सडका पत्रा कापून नवा जोडणाऱ्या डेंटरकडेच जा.

गंज पुढच्या काचेखाली शिरलेला दिसला तर थांबा. काच काढल्याशिवाय ते काम होत नाही आणि चिकटवलेली काच घरी काढायची नसते.

क्रोमचे पोपडे असतील तर थांबा. त्याच्या कडा ब्लेडसारख्या हात कापतात, आणि क्रोम घासून उडणारी धूळ अंगावर घेण्यासारखी नाही. ते प्लेटिंगवाल्याचं काम.

हार्डनर मिसळायचा टूके किंवा पीयू रंग घरच्या पार्किंगमध्ये मारू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं दमेकरी करू शकतं आणि आपण कोपऱ्यावरून आणतो तो मास्क त्याला अडवत नाही. ज्याच्याकडे बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) आणि बाहेरून हवा देणारा मास्क आहे त्यानेच ते करावं.

पट्टी पूर्ण सुटी होत असेल आणि साध्या लोखंडाची असेल तर आणखी एक मार्ग पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून बसवायचा. भोसरी एमआयडीसीत हे करणारे बरेच आहेत. दोन-चार नगांसाठी वेगळी भट्टी कोणी लावत नाही. काळ्या रंगाचा लॉट कधी आहे ते विचारून त्या दिवशी द्या. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, म्हणून रबर, प्लास्टिकच्या क्लिपा आधी काढा, आणि लांबी भरलेला नग देऊ नका, ती भट्टीत टिकत नाही.

पेंटरकडे दिलीच तर तीन गोष्टी काम ठरवतानाच बोलून घ्या: बीडिंग काढून रंगवणार की टेप लावून, धातूवर पहिला हात कशाचा, आणि प्रायमर झाल्यावर मी बघायला येऊ का. तिसऱ्याला जो "कशाला साहेब, एकदम नवीन करून देतो" म्हणेल, त्याच्याकडे निदान वायपरचे दांडे आधी देऊन बघा आणि ते एक पावसाळा काढतात का पाहून मग बाकीची गाडी द्या.